सुकडी, चिक्की आणि प्रोटीन बार

(या भागाचा लिखित मजकूर. आजीच्या कोंबड्यांचा आवाज आणि माझं खाकरणं काढून टाकलंय. बाकी बोललो तसंच ठेवलंय.)



मागच्या आठवड्यात आपल्या एका ऐकणाऱ्या मित्राचा व्हॉइस मेसेज आला. पहाटे साडेपाचचा. आवाजात धाप. पोलीस भरतीची तयारी करतोय, सोळाशे मीटर पळून आल्या-आल्या मैदानातच फोन काढून बोललाय. म्हणतो, "दादा, ग्राउंड झाल्यावर पोटात काहीतरी पाहिजे. प्रोटीन बार घ्यावा तर एकाची किंमत म्हणजे आमच्या घरी दोन वेळची भाजी. घरी बनतो का? व्हिडिओ बघितले, त्यात ओट्स, पीनट बटर, मेपल सिरप. आता शिरूर कासारच्या बाजारात मेपल सिरप कुठं हुडकू?"

मी हसलो. मग तो मेसेज स्पीकरवर टाकून आजीला ऐकवला. आजी शेंगा फोडत बसली होती. तिनं हात थांबवला नाही, मान वर केली नाही, नुसतं म्हणाली, "आरं, सुकडी पायजे त्याला."

आणि आजचा भाग तिथून सुरू झाला. मी खरं तर चिक्कीवर बोलणार होतो.

सुकडी हा शब्द तुमच्यापैकी काहींनी अंगणवाडीच्या पाकिटावर वाचला असेल. शिरा, उपमा आणि सुकडी. पण बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही सत्तरीच्या पुढच्या माणसासमोर हा शब्द नुसता उच्चारून बघा. समोरून एकच आकडा येतो : बहात्तर.

१९७२. त्याआधीच्या दोन वर्षांतही पाऊस धड नव्हता आणि बहात्तरला तर तो आलाच नाही म्हणायचं. आपला भाग पर्जन्यछायेतला, बालाघाटाच्या डोंगराचा, बाजरी-ज्वारीचा. तेव्हा शिरूर हा तालुकाही नव्हता. सिंदफणेचं पात्र कोरडं, विहिरींना तळ दिसलेला, जनावरं दावणीवरून सोडून दिलेली. सरकारनं जागोजागी दुष्काळी कामं काढली : खडी फोडा, रस्त्याला माती टाका, पाझर तलाव खणा, नालाबांध घाला. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात या कामांवर एका वेळी पन्नास लाखांच्या जवळपास माणसं होती. पन्नास लाख, मंडळी. आज गावाच्या कडेला जो पाझर तलाव दिसतो, ज्याच्या बांधावर तुम्ही रील काढता, त्यातले कितीतरी त्या वर्षी डोक्यावरच्या पाट्यांनी झालेले आहेत.

खायला अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी, मिलो. तिची भाकरी कशी व्हायची हे आजीकडून ऐकायचं तर वेगळा भाग करावा लागेल, आणि त्यात मला बऱ्याच शिव्या काढून टाकाव्या लागतील. आणि कामावर, दुपारच्या सुट्टीत, सुकडी. भाजलेलं पीठ, गूळ, दाणे असं एकत्र केलेलं कोरडं खाणं. शिजवायला नको, चूल नको, भांडं नको. ओंजळ पुढं करायची.

मी आजीला विचारलं, चव कशी होती? मला वाटलं म्हणेल अमृतासारखी. ती म्हणाली, "गोडच हुती. पन घशात बसायची. वरून प्यायला पानी कुठं हुतं?"

या एका वाक्यावर मी दोन दिवस अडकलो. आपण दुष्काळ म्हटलं की भूक धरतो. कोरडा, गोड, पौष्टिक घास हातात आहे आणि तो गिळायला घोटभर पाणी नाही, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. आजी अर्धी सुकडी तिथं खायची आणि अर्धी पदराच्या गाठीला बांधून घरी आणायची. घरी सासू होती आणि दीड वर्षाचा माझा मोठा काका. काका आज सुकडीचं नाव काढलं की तोंड फिरवतो. आठवण तर असायची नाही त्याला, पण तोंड फिरवतो.

गुजरातमध्ये सुखडी म्हणजे वेगळाच थाट बरं का. गव्हाचं पीठ तुपात खमंग भाजायचं, गूळ घालायचा, ताटात थापून वड्या पाडायच्या. आपली गुळपापडी जवळजवळ तीच. तिकडं महुडी नावाचं जैन तीर्थ आहे, तिथं सुखडीचा प्रसाद मिळतो आणि तो मंदिराच्या आवारातच संपवायचा, बाहेर न्यायचा नाही अशी पद्धत आहे. एका ठिकाणी आवाराबाहेर न्यायची नाही, आणि आमच्याकडं पदराला बांधून न्यायची. नाव मात्र बहुतेक एकाच मुळातलं.

आता मूळ प्रश्नाकडं येऊ. बार म्हणजे काय? ओट्स असो, सुकडी असो, चिक्की असो, गणित एकच. एक दाणा, ज्यात तेल आणि प्रथिनं आहेत. आणि एक चिकट गोड पदार्थ, जो त्या दाण्यांना धरून ठेवतो आणि नासू देत नाही. साखरेच्या घट्ट पाकात पाणी इतकं कमी उरतं की बुरशीला जगता येत नाही. म्हणून ही वस्तू खिशात, शिदोरीत, गाडीच्या साटीखाली आठवडेच्या आठवडे टिकते. घरी बसून खाणाऱ्याला याची फार गरज नसते. ही चालणाऱ्याची, राबणाऱ्याची गरज आहे.

यातला सगळ्यात जुना दाणा तीळ. आमच्याकडं म्हणतात हावरी. तिळाचं पीक याच उपखंडात माणसाळलं, हडप्पाच्या उत्खननात जळालेले तीळ सापडलेत. आपण ज्याला तेल म्हणतो तो शब्दच तिळावरून आलाय : तिल, तैल, तेल. म्हणजे 'शेंगदाण्याचं तेल' म्हणताना आपण शब्दशः 'शेंगदाण्याचं तिळाचं' असं काहीतरी म्हणत असतो. संस्कृत कोशात 'पलल' असा एक शब्द आहे, अर्थ : कुटलेले तीळ आणि त्यात गूळ-साखर घालून केलेला खाऊ. म्हणजे आपली तिळाची वडी खरोखर प्राचीन आहे, त्यात वाद नको.

शेंगदाण्याचं तसं नाही. संक्रांतीच्या आसपास तुमच्या फॅमिली ग्रुपवर मेसेज येतोच : 'आपल्या पूर्वजांनी हजारो वर्षांपूर्वी शोधलेली शेंगदाणा चिक्की.' काका, थांबा. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. कोलंबसानंतर युरोपीय जहाजांबरोबर तो जगभर फिरला आणि आपल्याकडं आला. भुईमूग हे नावच बघा ना, जमिनीतला मूग. अनोळखी पाहुणा आला की आपण ओळखीच्या माणसावरून त्याचं नाव पाडतो, तसं. आणि मोठ्या प्रमाणावर लागवड तर एकोणिसाव्या शतकातली, तीही बरीचशी परदेशी गिऱ्हाइकासाठी. पाँडिचेरीहून भुईमूग जहाजानं फ्रान्समधल्या मार्सेलला जायचा, तिथल्या तेलाच्या आणि साबणाच्या कारखान्यांना. मार्सेलचे साबण आणि आमच्या आजीची चटणी यांची नाळ अशी जुळते.

राजगिऱ्याची गोष्ट तर आणखी भारी. उपवासाला शुद्ध म्हणून आपण जो राजगिऱ्याचा लाडू खातो, तो राजगिरा मूळचा अमेरिकेतला. मेक्सिकोत अ‍ॅझ्टेक लोक त्याच्या पिठात मध किंवा घायपाताच्या जातीच्या झाडाचा गोड रस घालून देवांच्या मूर्ती करायचे आणि पूजेनंतर त्या मोडून प्रसादासारख्या वाटून खायचे. स्पॅनिश पाद्र्यांना ते आवडलं नाही, त्यांनी तो प्रकार दडपला. तरी धान्य उरलं. आजही मेक्सिकोच्या रस्त्यावर लाह्या फुटलेल्या राजगिऱ्याची गोड वडी मिळते, नाव 'आलेग्रिया', म्हणजे आनंद. फोटो काढून दाखवला तर शिरूरच्या बाजारातला माणूस म्हणेल, हे तर आपल्या बसस्टँडवर मिळतं.

बरं, चिक्की म्हटलं की लोणावळा येणारच. तिथल्या मगनलाल चिक्कीची सांगितली जाणारी गोष्ट अशी : घाटात रेल्वेचं काम करणारे मजूर, त्यांच्यासाठी गूळ आणि दाणे एकत्र करून विकलेली 'गुडदाणी'. मग ती गाडीतल्या प्रवाशांना आवडली, तिच्या चौकोनी वड्या झाल्या, पुडे बांधले गेले. प्रत्येक जुन्या दुकानाच्या गोष्टीत थोडा गुळाचा पाक चढतोच, तो आपण धरून चालू. पण बोरघाट खरा आहे. तो रेल्वेमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला आणि बांधकामावर एका वेळी चाळीस हजारांच्या वर माणसं राबत होती. सुरुंग, दरड, पटकी यांनी हजारो गेली. आपण एक्स्प्रेसवेवर गाडी थांबवून पाव किलो, अर्धा किलो चिक्की घेतो, ती अशा डोंगरातून आलेली आहे.

आणि आता गूळ. म्हणजे ऊस. म्हणजे आम्ही.

इथं जरा सावकाश बोलतो.

शिरूर कासारहून पश्चिमेला निघालात की पाथर्डी लागतं, मग नगर. १९४८ पर्यंत ही नुसती तालुक्याची हद्द नव्हती. अलीकडं निजामाचं राज्य, पलीकडं इंग्रजांचं. आणि पलीकडं इंग्रजांनी कालवे काढले. नीरेवर काढले, प्रवरेवर काढले. प्रवरेच्या भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पुरं झालं. कालव्याचं पाणी आलं, पाण्यामागं ऊस आला. पुढं लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी आणि धनंजयराव गाडगिळांनी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला, १९५०-५१ मध्ये त्याचं पहिलं गाळप झालं. मग एकामागून एक कारखाने. इतका ऊस उभा राहिला, पण तो तोडणार कोण? ज्यांच्याकडं पाणी नाही, ज्यांचं शेत दिवाळीनंतर रिकामं होतं, ते. पाणी एका बाजूला गेलं आणि हात दुसऱ्या बाजूनं आले. बहात्तरनंतर तर गावंच्या गावं निघाली. आजी-आजोबा त्यातलेच. खडी फोडून झाली, पुढच्या हंगामाला कोयता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : कोयता म्हणजे हत्यार, आणि 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडीही. हिशोबात दोन माणसं मिळून एक कोयता. मुकादम हंगामाआधी उचल देतो, ती तोडणीतून फेडायची. दसरा-दिवाळीनंतर गाड्या भरतात, गाव रिकामं होतं. फडाजवळ उसाच्या पाचटाच्या कोप्या. पहाटे अंधारात तोडणी, मोळ्या बांधणं, गाडी भरणं. पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, तो मार्च-एप्रिलला.

आता कॅलेंडर डोळ्यांपुढं आणा. संक्रांत १४ जानेवारीला, एखाद्या वर्षी १५ ला. म्हणजे हंगामाच्या बरोब्बर मध्यावर. सगळा महाराष्ट्र तिळगूळ वाटत असतो, गोड बोला म्हणत असतो, तेव्हा शिरूर तालुक्यातली कितीतरी घरं कुलूपबंद असतात. घरी म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं. ज्या हातांनी ऊस तोडला त्यांची संक्रांत पाचटाच्या कोपीत.

मी आजीला विचारलं, तिकडं करायचीस का तिळगूळ? तर ती चिडली. "करायची म्हंजी? सन काय सोडायचा असतो व्हय?" गावाहून निघतानाच हावरीची पुरचुंडी बांधून न्यायची, बाजरीत दोन-चार ओळी पेरलेली असायची त्यातली. गूळ तिकडच्या दुकानातून विकत. म्हणजे उसाच्या समुद्रात बसून गूळ विकत घ्यायचा. कारखान्याला गेलेला ऊस साखर होऊन पोत्यात जातो, गूळ होतो गुऱ्हाळात. तिथला काहिलीवरचा गुळव्या वेगळा आणि त्याचा बाजार वेगळा. कोल्हापूरला शाहू महाराजांनी १८९५ मध्ये गुळाची पेठ वसवली, शाहूपुरी. तिथून ढेपा सगळीकडं गेल्या, आमच्या गावच्या दुकानापर्यंत.

तर तीन दगडांची चूल, पाचट जाळायचं, तव्यावर हावरी भाजायची, पातेलीत गुळाचा पाक. पाट नाही, पोळपाट नाही. मोळीतून काढलेला उसाचा कांडका पुसून घ्यायचा आणि त्यानंच लाटायची. वड्या कशानं पाडायच्या? "कोयता धुऊन घेतला की झालं," आजी म्हणाली.

मी हे रेकॉर्ड करताना दोन मिनिटं काही बोललो नाही, ती शांतता ऑडिओमध्ये आहे. एडिट नाही केली.

थोडं बाहेर बघू, कारण मित्रानं प्रोटीन बार विचारलाय. हे पॅकबंद बार तिकडं आले तेही बरेचसे राबणाऱ्यांसाठीच, सैनिकांसाठी. १९३७ मध्ये अमेरिकन सैन्यातल्या कॅप्टन पॉल लोगन यांनी हर्शी कंपनीला सांगितलं, चार औंसांचा चॉकलेटचा बार पाहिजे, ताकद भरपूर पाहिजे, उन्हात वितळायला नको. आणि चव? उकडलेल्या बटाट्यापेक्षा थोडी बरी, एवढीच. का, तर चांगला लागला तर सैनिक वेळेआधीच खाऊन टाकतील! पुढं १९८६ मध्ये ब्रायन मॅक्सवेल या मॅरेथॉन पळणाऱ्या माणसानं पॉवरबार बाजारात आणला, आणि तिथून हा बार जिमच्या काउंटरवर येऊन बसला. आधी सैनिक, मग पळणारा, मग ऑफिसात बसणारा. चिक्कीचंही तेच, घाटातला मजूर, मग गाडीतला प्रवासी, मग आपण. सुकडीला मात्र कुणी चांदीच्या कागदात गुंडाळलं नाही. तिच्यावर सरकारी पाकिटाचाच शिक्का राहिला.

तर मित्रा, तुझा बार. लिहून घे.

पाव किलो शेंगदाणे, शंभर ग्रॅम हावरी, पाव किलो गूळ, चमचाभर तूप. गूळ चिकीचा मिळाला तर उत्तम, संक्रांतीच्या आसपास दुकानदार वेगळा काढून ठेवतो. दाणे मंद आचेवर भाज, सालं काढ, पाखड, आणि प्रत्येकाचे दोन-तीन तुकडे होतील इतकंच भरड. कूट करू नको. हावरी वेगळी भाज, तडतडायला लागली की उतरव. परातीच्या पाठीला आणि लाटण्याला आधीच तूप लावून ठेव, नंतर वेळ मिळत नाही.

पाक हीच खरी परीक्षा. गूळ आणि तूप मंद आचेवर. आधी विरघळेल, मग फेस येईल, मग रंग गडद व्हायला लागेल. वाटीत गार पाणी घेऊन त्यात थेंब टाक. थेंब मऊ गोळी झाला तर तो लाडवाचा पाक, अजून थांब. थेंब कडक होऊन वाटीवर आपटल्यावर टण् वाजला आणि काडीसारखा तुटला की झाला. थर्मामीटर असेल तर दीडशे अंशांच्या आसपास. त्यापुढं गेलास तर कडू होतो, आणि कडू झालेल्या पाकावर जगात उपाय नाही. मी पहिल्यांदा केला तेव्हा इतका पुढं गेलो की आजीनं तो कोंबड्यांनाही घालू दिला नाही.

गॅस बंद, दाणे-तीळ आत, पटापट हलव, परातीवर टाक, लाट, आणि गरम असतानाच सुरीनं रेघा मार. गार झाल्यावर रेघांवर मोडते. पावसाळ्यात उघडी ठेवू नको, गूळ हवेतलं पाणी ओढतो आणि वडी चिकट होते. हिवाळ्यात आपल्याकडची कोरडी हवा तिला मानवते.

आता खरं बोलतो, नाहीतर तू म्हणशील दादानं गंडवलं. यात सोळा वड्या होतात. एका वडीत प्रथिनं साधारण पाच ग्रॅम आणि कॅलरी एकशे ऐंशीच्या आसपास. दुकानातल्या बारवर वीस ग्रॅम प्रोटीन छापलेलं असतं, तेवढं एका वडीत नाही. गूळ कितीही चांगला म्हटला तरी साखरच आहे, चार वड्या एका दमात खाऊन प्रथिनं भरून काढायला जाऊ नको. ग्राउंड झाल्यावर एक वडी, ग्लासभर दूध, आणि घरी आल्यावर मोड आलेली मटकी वाटीभर. सोळाशे मीटरला एवढं पुरतं. आणि पाणी भरपूर पी. आजीनं हे मुद्दाम सांगायला सांगितलंय, दोनदा.

यंदा संक्रांतीच्या आधी आम्ही दुप्पट माप करणार आहोत. मोठा काका आणि काकू अजून फडावरच आहेत, सांगली जिल्ह्यात. गावातून कुणाची ना कुणाची गाडी तिकडं जातेच, तिच्यात डबा द्यायचा. मी म्हटलं, काकाला सुकडी आवडत नाही ना? आजी म्हणाली, "त्याला सांगू नको. चिक्की म्हन."